कोंडाबाईच्या गुडघ्याचे मार्क

आमचे हाडांचे डॉक्टर म्हैसूरकडचे. माणूस हुशार, हात सोन्याचा, पण गुलबर्ग्याला बदली होऊन आले तेव्हा इथल्या बोलीचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. त्यांच्या कन्नडात गुडघ्याला ‘मंडी’ म्हणतात. आमच्याकडं मंडी म्हणजे जिथं तूर विकतात ती. पहिल्याच आठवड्यात निंबर्ग्याचा एक शेतकरी सुजलेला गुडघा घेऊन आला. डॉक्टरांनी प्रेमानं विचारलं, “मंडी हेगिदे?” म्हणजे गुडघा कसा आहे.

शेतकऱ्यानं सुस्कारा टाकला. “उतरलीय साहेब. दिवाळीपासून उतरायलीच हाय.”

सूज उतरते एवढं मराठी डॉक्टर तोवर शिकले होते. त्यांनी केसपेपरवर लिहिलं, सूज उतरत आहे, सुधारणा समाधानकारक, आणि त्याला घरी पाठवला. तुरीचा भाव पडला आणि त्या बिचाऱ्याचा गुडघा कागदावर बरा झाला.

पुढच्या आठवड्यात एकजण म्हणाला, “मांडी दुखायलीय.” डॉक्टरांनी त्याचा धडधाकट गुडघा दहा मिनिटं वाकवून, फिरवून, ठोकून पाहिला. त्याच्या मांडीवर केवढं मोठं गळू होतं. ते त्यानं शेवटी धोतर सारून दाखवलं तेव्हा डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, यावर काहीतरी उपाय काढला पाहिजे.

मी त्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होतो. आता हा शब्द लोकांना माहीत आहे. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात मला ‘व्यायाम मास्तर’ म्हणायचे, आणि ज्यांचा विश्वास नव्हता ते ‘मालीशवाला’ म्हणायचे. प्लास्टर काढलेला पाय पुन्हा चालता करायचा, आखडलेला सांधा रोज थोडा थोडा सोडवायचा, आणि रोग्याच्या शिव्या खायच्या, एवढं माझं काम. मी मूळचा हुमनाबादेजवळच्या निर्ण्याचा. घरात मराठी, शाळेत कन्नड, वडिलांची दप्तरं उर्दूत. त्यामुळं भाषेचा काही घोटाळा झाला की सगळे माझ्याकडे बघायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

डॉक्टरांनी काढलेला उपाय म्हणजे एक इंग्रजी प्रश्नावली. गुडघ्याला दुखापत झालेल्या रोग्याला दहा प्रश्न विचारायचे. किती दुखतं, जिना चढता येतो का, काठी लागते का, पाय अचानक सुटल्यासारखा होतो का, असे. उत्तरांना मार्क, दुखण्याच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त. शंभरपैकी शंभर म्हणजे गुडघा ठणठणीत. मार्क जितके कमी तितका गुडघा वाईट. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, पण माणसाचं काय अडलंय ते दिसत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं, आणि सगळ्यांना एकाच शब्दांत विचारावं लागतं, नाहीतर मार्कांना अर्थ राहत नाही.

या मार्कांवर बरंच अवलंबून होतं. त्या हिवाळ्यात बंगळूरहून एक मोठे सर्जन दुर्बीण घेऊन चार दिवसांसाठी येणार होते. दुर्बिणीतून गुडघ्याच्या आत बघून दोन हाडांमधली फाटलेली गादी काढायची, ही तेव्हा जादूच. चार दिवसांत होऊन होऊन बारा ऑपरेशनं होणार, आणि रांगेत त्याच्या तिप्पट माणसं. ज्यांचे मार्क सगळ्यांत कमी त्यांचा नंबर लागणार, असं ठरलं. कन्नड भाषांतर डॉक्टर स्वतः करणार होते. मराठी माझ्या गळ्यात पडलं.

मी शब्दकोश घेऊन बसलो आणि आठवडाभरात असं काही मराठी पाडलं की विचारू नका. ‘चालताना आपला जानुसंधी स्थैर्य गमावतो का?’ हा त्यातला सोपा प्रश्न. पहिली परीक्षा घेतली आमच्या रेकॉर्डरूमच्या खाजाभाईंवर. त्यांना मराठी छान यायचं, पण चेष्टा करायची असली की ते दखनीत शिरायचे.

“मास्तर, ये जानू कौन है जी?” ते गंभीरपणे म्हणाले. “और उसकू संधी कायकू दिए?”

मी सगळं फाडलं आणि पुन्हा लिहिलं. जानुसंधीचा गुडघा झाला. पण ‘पाय अचानक सुटल्यासारखा होणं’ काही केल्या जमेना. मी लिहिलं, ‘गुडघा दगा देतो का?’ भालकीकडचे एक आप्पा चटकन म्हणाले, “गुडघा कामून दगा देईल मास्तर? दगा भावकी देती.” आणि पुढचा अर्धा तास भावकीनं बांध कसा कोरला ते सांगत बसले. शेवटी ‘चालता चालता गुडघ्यातून पाय निसटतो का’ यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मग जिना. आमच्या खेड्यात जिना कुठला? तिथं ‘शिडीनं माळवदावर चढता येतं का’ असं केलं, कारण मिरच्या वाळत घालायला प्रत्येकाला माळवदावर जावंच लागतं. काठीच्या प्रश्नानं तर कहर केला. काठी लागते का विचारलं की झाडून सगळे म्हातारे ‘व्हय’ म्हणायचे. एकाला म्हटलं, “अण्णा, गुडघ्यासाठी लागते का?” तो म्हणाला, “कुत्र्यासाठी. आन काठी न्हाई घेतली तर गावात माणूस मनून कोण धरतंय?” आणि ‘पळता येतं का’ या प्रश्नाला एका बाईनं मलाच उलट विचारलं, “कामून पळू? काय चोरी केलीय?”

भाषांतर जमलं की ते तपासावं लागतं. त्याची एक रीत आहे. रोग्याला आज प्रश्न विचारायचे, आणि आठ दिवसांनी तेच प्रश्न तसेच्या तसे पुन्हा विचारायचे. मधल्या काळात गुडघा बदललेला नसेल तर उत्तरंही बदलता कामा नयेत. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या माणसाला एकच गोष्ट दोनदा विचारणं म्हणजे त्याच्या इमानावर संशय घेणं. “परवा सांगितलं ते काय हरवलं का?” इथपासून “लिवून घेतलावं की तुमी!” इथपर्यंत सगळं ऐकून घेतलं. एक शाळामास्तर आले होते. त्यांनी दुसऱ्या खेपेला दहाच्या दहा उत्तरं फिरवली. मी विचारलं, असं कसं? ते म्हणाले, “परत विचारलात म्हणजे पहिलं चुकलं असणार. आम्ही वर्गात तसंच करतो.”

या सगळ्या गोंधळात मेहकरची कोंडाबाई आली.

मेहकर भालकी तालुक्यात. कोंडाबाई तिथली सुईण. पन्नाशी ओलांडलेली, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की वऱ्हांड्याच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं बाळ झोपेतून उठावं. डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन बांधावरून येताना पाय फटीत अडकला, अंग फिरलं आणि गुडघा तिथंच राहिला. त्याला आठ महिने झाले होते. बरोबर सून होती, सुलोचना, कडेवर तीन-चार महिन्यांची मुलगी. डॉक्टरांनी हातानं तपासलं आणि गादी फाटली असणार असा संशय धरला. मग प्रश्नावली भरायला माझ्याकडे पाठवलं.

“अक्का, किती दुखतं? जास्त, मध्यम की सोसण्याजोगं?”

“सोसतंय की.”

“शिडी चढता येते?”

“येती की. कामून येईना?”

प्रत्येक उत्तर असंच ठणकावून. बेरीज अठ्ठ्याऐंशी. कोंडाबाईनं मान पुढं काढून विचारलं, “काय आलं? पास का नापास?”

खाजाभाई तिथंच होते. ते म्हणाले, “फर्स्ट क्लास, अम्मा!”

कोंडाबाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “ऐकलीस का गं?” ती सुनेला म्हणाली. “शाळंची पायरी चढले न्हाई जन्मात. आन इथं फस्क्लास.” सून खाली मान घालून मुलीचं टोपडं नीट करत राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आठ दिवसांनी कोंडाबाई पुन्हा आली आणि पुन्हा अठ्ठ्याऐंशी. एक मार्क इकडं नाही की तिकडं नाही. इतर रोग्यांचंही बरंचसं जुळलं, शाळामास्तर सोडून. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. भाषांतर भरवशाचं आहे, म्हणाले. मी इतका फुगलो की त्या दिवशी घरी बायकोशीसुद्धा छापील मराठीत बोललो.

डॉक्टरांनी बारा नावांची यादी केली. अठ्ठ्याऐंशीवाल्या कोंडाबाईचं नाव त्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, “अक्का, तुमाला ऑपरेशनची गरज न्हाई. पास झालात. घरी व्यायाम करा.”

तिनं मान हलवली. पदर सावरला. एक हात बाकावर आणि एक सुनेच्या खांद्यावर ठेवून उठली आणि दाराकडे निघाली. सुलोचना मात्र जागची हलली नाही.

“मास्तर, तुमचा कागद काय सांगायलाय?” ती म्हणाली. “आत्याला खाली बसता येईना. परसाकडं जाताना मला धरावं लागतंय. रातचं कण्हत्यात. आन तुमी पास म्हणायलाव?”

“गप गं!” कोंडाबाई दारातून ओरडली.

मी तिला परत बाकावर बसवलं. “अक्का, मग सोसण्याजोगं आहे असं कामून सांगितलंत?”

“मग? सोसतंच की.”

“मग न सोसणारं दुखणं कसलं असतं?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू अक्षरशत्रू ती नसून मी होतो. “मास्तर, तीस वर्सं झाली बाळंतपणं करायलेय. कळा आल्या की बाया वरडत्यात, मेले मेले मनत्यात, सोसंना मनत्यात. आन सोसत्यात. माझ्या हातावर दोघींना सोसलं न्हाई. त्या गेल्या.” मग ती म्हणाली, “न सोसायला मला काय मरण आलंय का?”

मी तसाच रेकॉर्डरूममध्ये गेलो. खाजाभाईंनी सगळे मराठी कागद टेबलावर पसरले. ‘सोसण्याजोगं’, ‘सोसण्याजोगं’, ‘सोसण्याजोगं’. क्वचित कुठं ‘मध्यम’, आणि ‘जास्त’ जवळजवळ कोणीच नाही. इंग्रजी कागदावर तिथं ‘थोडंसं’ अशा अर्थाचा साधा शब्द होता. ‘थोडं’ मला फिकं वाटलं होतं. सोसण्याजोगं! केवढा भरदार शब्द, म्हणून मी तो हौसेनं घातला होता. आणि आमच्याकडं जिवंत माणसाला जे जे होतं ते सगळं सोसण्याजोगंच असतं. कन्नड कागदांत ही भानगड नव्हती. त्यामुळं मराठी बोलणारे सगळे पास होऊन यादीबाहेर गेले होते, ते फक्त माझ्या हौसेपायी.

सर्जन तीन दिवसांनी येणार होते. गप्प बसलो असतो तर कोणालाही कळलं नसतं. शाबासकी मिळाली होती, यादी झाली होती. दहा मिनिटं मी खरोखर गप्प बसलो, हे कबूल करतो. खाजाभाई फक्त कागद माझ्याकडे सरकवत राहिले.

डॉक्टरांना सांगितल्यावर ते कन्नडात असे भडकले की वऱ्हांड्यातले रोगी उठून उभे राहिले. भरवशाचं होतं ना, दोन्ही वेळा उत्तरं जुळली ना, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

“भरवशाचंच आहे साहेब,” मी म्हटलं. “दोन्ही वेळा अगदी सारखंच चुकलंय.”

वॉर्डातलं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं. रोज, न चुकता, वीसच मिनिटं. डॉक्टरांनी त्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. तेव्हा मला कळलं की ते आता रागावणार नाहीत.

त्या दुपारी आम्ही दुखण्याचा प्रश्नच काढून टाकला. ‘किती दुखतं’ विचारायचंच नाही. त्याजागी विचारायचं, ‘गुडघ्यामुळं कोणकोणतं काम सोडावं लागलं?’ खाली कामं: उकिडवं बसणं, माळवदावर चढणं, ओझं घेऊन बांधावरून चालणं. माणूस दुखणं लपवतो, पण पडून राहिलेलं काम लपवता येत नाही. निदान मला तसं वाटलं.

कोंडाबाई अजून फाटकाशी होती, हुमनाबादवरून जाणाऱ्या बसची वाट बघत. मी तिला परत आणलं, नवा कागद पुढं ठेवला आणि सगळं समजावलं. ती हटूनच बसली.

“मी नापास व्हनार न्हाई.”

“अक्का, इथं नापास झालं की पाय दुरुस्त होतो.”

“आन गावात काय सांगू? सुईण नापास झाली? बाळंतिणीच्या म्होरं बसायला येईना मनून कळलं तर कोण बोलावंल मला?” तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

आठ महिने ती तेच लपवत होती. आमच्यापासून नव्हे, मेहकरपासून. आणि मी तिला वर फर्स्ट क्लास देऊन मोकळा झालो होतो.

खाजाभाई स्टूल ओढून तिच्यापुढं बसले. “अम्मा, मैं मॅट्रिक में तीन बार नापास हुआ. नौकरी लगी के नै लगी?”

कोंडाबाई हसली. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, “विचार बाबा.”

मी विचारलं. माळवद? सोडलं. ओझं? सोडलं. उकिडवं बसणं? इथं ती सुनेच्या कडेवरच्या मुलीकडे बघत राहिली.

“हिला मी उतरवून घेतली न्हाई,” ती म्हणाली. “अख्ख्या गावची लेकरं ह्या हातात उतरली. आन माझी नात आली तवा भालकीहून नर्स आणावी लागली. मी दाराच्या भायेर भिंतीला धरून हुबी.” मग एकदम माझ्यावर खेकसली, “लिव्हा की! बघत काय बसलाव?”

बेरीज सदतीस. मी हळूच सांगितलं. ती म्हणाली, “जाऊ दे. खाजामियाच्या पंक्तीला बसले.”

पुढचे तीन दिवस मी आणि खाजाभाई सायकलवर गुलबर्ग्यातल्या गल्ल्या आणि जवळची खेडी पालथी घालत होतो. जे सापडले त्यांना पुन्हा विचारलं. यादी बदलली. पाच मराठी नावं आत आली, कोंडाबाईचं त्यातलं एक. पाच कन्नड नावं मागं पडली. त्या घरच्यांनी आम्हाला जे सुनावलं ते इथं लिहिण्याजोगं नाही, पण ते ऐकून घेणं आम्हाला भाग होतं.

आणि ज्याच्यापासून हे सुरू झालं तो निंबर्ग्याचा तूरवाला? जुन्या प्रश्नावलीच्या वेळी तो पुन्हा आला होता आणि त्यानंही ‘सोसण्याजोगं’च सांगितलं होतं. त्याला निरोप पाठवला, पण तो मजुरीसाठी सोलापूरकडे गेला होता. परत आमच्याकडे आलाच नाही. दोनदा त्याला आम्ही आमच्या शब्दांनी घरी पाठवला, एकदा डॉक्टरांच्या मंडीनं आणि एकदा माझ्या सोसण्यानं. मंडीची गोष्ट मी नेहमी हसत सांगतो, पण त्या माणसाचा चेहरा आठवला की अजून लाज वाटते.

ऑपरेशनं झाली. कोंडाबाईच्या गुडघ्यातून निघालेला गादीचा तुकडा तिनं बाटलीत मागून घेतला आणि घरी नेला. कशाला, ते विचारायचं धाडस झालं नाही. दोन महिने मी तिच्याकडून व्यायाम करून घेतला आणि तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या.

वर्षानं ती तपासणीला आली. एकटीच, बसनं. मी कागद काढला. माळवद? “चढते.” ओझं? “नेते.” गुडघ्यातून पाय निसटतो? “न्हाई.”

“गुडघ्यामुळं कोणतं काम सोडावं लागलं?”

“लिव्हा, एकच. तुमच्या दवाखान्यात यायचं.”

बेरीज ब्याण्णव. मी मोठ्या आनंदानं सांगितलं, “अक्का, पास!”

तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. डोळे बारीक करून ती कागदाकडे बघत होती. “पयल्या खेपेलाबी पास मनलाव की.”

मी काही बोलायच्या आत ती बाकावरून उठली. लुगड्याचा काष्टा ओढला आणि वऱ्हांड्याच्या फरशीवर, सगळ्या रोग्यांसमोर, सरळ उकिडवी बसली. दोन्ही हात पुढं पसरले, तळवे वर, जणू समोर कोणी बाळंतीण आहे आणि आता काही क्षणांचाच अवकाश आहे. तशीच ती बसून राहिली. आमचे डॉक्टर आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. खाजाभाई हातातली फाइल घेऊन थबकले. मग कोणाच्याही खांद्याला हात न लावता ती उठली, हात झटकले आणि माझ्याकडे वळली.

“मास्तर, एवढे कागद कामून भरताव? बस मनायचं, आन बसलं का बगायचं.”